कॅमेरा, हवालदार आणि आपण

मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि ती पाहण्यासाठी सारे सोलापूर रस्त्यावर लोटते. या गर्दीत कॅमेरा नसलेला माणूस आता विरळाच. खिशातला फोन हाच कॅमेरा झाला आहे. समजा, एखादा तरुण कठड्यावर उभा राहून फोटो घेत आहे आणि बंदोबस्तावरचा हवालदार त्याला हटकतो, "कोण तुम्ही? कशाला फोटो काढता?" पुढच्या पाच मिनिटांत हा तरुण कसा वागतो, यावरच फोटो घरी जाणार की प्रकरण चौकीवर जाणार हे ठरते. त्या पाच मिनिटांचा विचार आज आपण करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की प्रश्न विचारणे हा पोलिसाचा अपराध नव्हे आणि सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढणे हा आपला अपराध नव्हे. सरसकट फोटोबंदी करणारा कायदा आपल्या देशात नाही. बंदी आहे ती ठरावीक गोष्टींना. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने लष्करी ठाण्यांसारखी काही स्थळे निषिद्ध ठरविली आहेत. स्त्रीच्या खाजगी क्षणाचे चोरून चित्र घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ड्रोन उडवावयाचा तर २०२१ चे वेगळे नियम आहेत. ही यादी माहीत असलेला माणूस घाबरत नाही आणि उर्मटही होत नाही.

निषिद्ध स्थळ कोणते, याविषयी पोलिसांचीही चूक होऊ शकते. वर्ध्याचे प्रकरण याचा दाखला आहे. २०१८ साली तेथील पोलीस ठाण्यात चाललेल्या बोलण्याचे एका नागरिकाने मोबाईलवर चित्रण केले, म्हणून त्याच्यावर गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ च्या जुलैमध्ये तो रद्द केला. कायद्यातील निषिद्ध स्थळांच्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. मात्र हा न्याय मिळाला तो न्यायालयात, ठाण्याच्या दारात हुज्जत घालून नव्हे. आम्हांला या प्रकरणातून सांगावयाचे आहे ते हेच.

तेव्हा हटकले की कॅमेरा खाली घ्यावा आणि शांतपणे उत्तर द्यावे. नाव-पत्ता विचारला तर खरा सांगावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९ व्या कलमान्वये, लहानसा गुन्हा केल्याचा आरोप असलेल्याने नाव-पत्ता नाकारला, तर तेवढ्यासाठीही त्याला अटक होऊ शकते. आडमुठेपणाने क्षुल्लक गोष्ट मोठी होते ती अशी. "मागे सरा" म्हटले तर सरावे. गर्दी आवरण्यासाठी दिलेला योग्य आदेश पाळणे हे १७२ व्या कलमाने आपले कर्तव्य आहे. सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाला चेंगराचेंगरीची धास्ती असते, तुमच्या फोटोची नव्हे. पण "फोटोच काढू नका" असे म्हटले, तर "साहेब, कोणत्या नियमाने, तेवढे सांगाल का?" असे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्यांच्या छातीवरील नाव मात्र आठवणीत ठेवावे.

कधी "फोटो पुसून टाक" असा हुकूम होतो. येथे जरा विचार करावा. फोटो गुन्ह्याचा असेल तर तो पुरावा आहे, आणि पुरावा पुसावयाचा नसतो. गुन्ह्याचा नसेल तर तो पुसावयाचा कशासाठी? हेच शब्द सौम्यपणे बोलून वरिष्ठांना भेटण्याची विनंती करावी. कॅमेरा घेऊ लागले तर ओढाओढ मुळीच करू नये. अंगाला हात लागला की सारे प्रकरणच पालटते. त्याऐवजी जप्तीची यादी मागावी. १०५ व्या कलमाप्रमाणे झडती-जप्तीचे चित्रण करावयाचे असते आणि यादीवर साक्षीदारांच्या सह्या घ्यावयाच्या असतात. अटकच झाली तर कारण विचारावे व घरी कळविण्यास सांगावे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने बंधनकारक आहे.

कायदा परवानगी देतो म्हणून प्रत्येक फोटो काढावाच असे मात्र नाही. रडणारी बाई, अपघातात पडलेला माणूस यांच्यापुढे कॅमेरा धरण्यापूर्वी स्वतःच्या मनाला विचारावे; तेथे हवालदाराने हटकण्याची वाट पाहू नये.

१९३० च्या मे महिन्यात या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्या दिवसांत हुकूम हाच कायदा होता, "कोणत्या कलमाने?" हे विचारण्याची सोय नव्हती. आज ती आहे. ती टिकवावयाची तर प्रश्न विचारावयास हवा, आणि विचारताना आवाज चढता कामा नये. यंदाच्या गड्ड्याच्या गर्दीत कोणी हटकलेच, तर एवढे आठवले तरी पुरे.