पूर्वजांच्या अस्थी आणि पुराव्याचे ओझे

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या रहस्यकादंबरीची चर्चा वृत्तपत्राच्या या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु अँजेलिन बूली यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉरियर गर्ल अनअर्थ्ड’ या कादंबरीतील रहस्य केवळ गुन्हेगार कोण, एवढ्यापुरते मर्यादित नाही. एका समाजाच्या पूर्वजांच्या अस्थी परक्यांच्या कपाटात कशा गेल्या आणि कायदा होऊनही त्या परत का येत नाहीत, हे तिच्यातील खरे रहस्य होय. त्याचा उलगडा नीतिशास्त्राइतकाच अर्थशास्त्रातही शोधावा लागतो.

लेखिका स्वतः अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील सू सेंट मरी येथील ओजिब्वे जमातीच्या आहेत. कॅनडाच्या सीमेलगतच्या शुगर बेटावर, २०१४ च्या उन्हाळ्यात कथा घडते. सोळा वर्षांची पेरी ही मुलगी मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च फेडण्यासाठी नाइलाजाने जमातीच्या संग्रहालयात उमेदवारी पत्करते. तेथे तिला कळते की, एका महाविद्यालयाने तिच्या पूर्वजांचे अवशेष ठेवून घेतले आहेत आणि त्यांत एका तरुण स्त्रीच्या अस्थी आहेत. अर्ज आणि बैठका यांचा मार्ग खुला आहे, पण त्याला अंत दिसत नाही. तेव्हा तिच्या मनात येते, की आपलेच आपण उचलून आणले तर ती चोरी कशी? पुढे काय घडते ते वाचकांनी पुस्तकातच पाहावे.

हा प्रश्न कल्पित नाही. १८६८ साली अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय खात्याने आपल्या डॉक्टरांना मूळ रहिवाशांच्या कवट्या जमा करण्याचा आदेश दिला होता. शंभर वर्षांनंतरही दृष्टी फारशी बदललेली नव्हती. १९७१ साली आयोवा राज्यात ग्लेनवूड गावाजवळ रस्त्याच्या कामात एक जुने दफनस्थान उघडे पडले. सव्वीस गोऱ्या वसाहतकारांचे अवशेष सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले. एका आदिवासी स्त्रीच्या व तिच्या बाळाच्या अस्थी मात्र अभ्यासासाठी प्रयोगशाळेत गेल्या. मारिया पिअर्सन या यांक्टन डकोटा जमातीच्या स्त्रीने त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९७६ साली त्या राज्यात कायदा झाला. १९९० साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने पाच वर्षांत अस्थींच्या याद्या कराव्यात आणि त्या संबंधित जमातींना परत द्याव्यात, असे त्याने सांगितले.

तरीही २०२३ च्या आरंभी एका वृत्तसंस्थेने सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा एक लाख दहा हजारांहून अधिक व्यक्तींचे अवशेष संस्थांकडेच होते. याचे कारण केवळ दुष्टपणात शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कोणत्या अस्थी कोणत्या जमातीच्या, हे प्रथम ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या ताब्यात त्या होत्या त्यांनाच मिळाला. ‘संबंध निश्चित करता येत नाही’ असा शेरा मारला की प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहू शकत असे. मौखिक परंपरा हा पुरावा मानावा, असे कायद्यात लिहिलेले होते. व्यवहारात मात्र कागदाला जे वजन मिळे ते आजीच्या सांगण्याला मिळत नसे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, विलंबाचा खर्च ताबेदाराला जवळजवळ शून्य होता; प्रवास, तज्ज्ञ आणि पत्रव्यवहार यांचा भार मात्र जमातींवर पडे. ज्याला विलंब फुकट मिळतो, तो विलंबच निवडतो.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. अस्थींच्या अभ्यासातून मानवजातीच्या इतिहासावर प्रकाश पडतो, असे शास्त्रज्ञ म्हणतात आणि ते खोटे नाही. १९९६ साली कोलंबिया नदीकाठी सापडलेल्या, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या केनेविक मानवाचा वाद म्हणूनच बोधप्रद आहे. जमाती त्याला आपला पूर्वज म्हणत होत्या. पण २००४ साली न्यायालयाने कौल शास्त्रज्ञांच्या बाजूने दिला. २०१५ साली जनुकीय तपासणीने तो मूळ अमेरिकनांच्याच जवळचा ठरवला आणि २०१७ साली त्याचे दफन झाले. म्हणजे जमाती जे पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, त्याला शास्त्राने एकोणीस वर्षांनी पुष्टी दिली. ज्ञानाचा हक्क मान्य केला, तरी त्यासाठी परवानगी मागण्याचे कर्तव्य संपत नाही.

जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ही परवानगीच अनिवार्य केली. प्रदर्शन वा संशोधन यांपूर्वी जमातीची संमती हवी, तिच्या पारंपरिक ज्ञानाचा मान राखावा, आणि याद्या पाच वर्षांत पुऱ्या कराव्यात. त्याच महिन्यात शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने आपल्या काही काचपेट्या झाकल्या आणि न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने दोन दालने बंद केली. तेहेतीस वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, त्याची सुरुवात काही दिवसांत झाली, कारण आता विलंबाची किंमत ताबेदारालाही मोजावी लागणार होती.

तथापि खाजगी संग्राहकांच्या घरांपर्यंत हा कायदा सहसा पोहोचत नाही. तेथे पूर्वजांच्या वस्तूंना भाव येतो, आणि भाव आला की नव्या उकरणीला आमंत्रण मिळते. बाजार ज्या वस्तूची किंमत ठरवू शकतो, ती प्रत्येक वस्तू विकाऊ असतेच असे नाही. माणसाच्या अस्थी तर नाहीतच. पेरीचा उपाय कायद्याला मान्य होणार नाही, हे उघड आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलीला चोरी हाच न्यायाचा जवळचा रस्ता वाटावा, इतका लांबचा रस्ता कायद्याने का आखला, याचे उत्तर त्या मुलीने नव्हे, कायदा करणाऱ्यांनी आणि कपाटांच्या किल्ल्या बाळगणाऱ्यांनी दिले पाहिजे.