स्टिक कुठे धरायची? पूलच्या टेबलावर शिकलेला संशोधनाचा एक धडा



पेट किंवा सिनॉप्सिसची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "दादा, व्हेरिएबल कोणते घेऊ?" माझं उत्तर हल्ली ठरलेलं आहे. व्हेरिएबल नंतर. आधी कागदावर एवढंच लिहा की एक गोष्ट बदलली तर दुसरी कोणत्या वाटेने बदलेल. हे मी लायब्ररीत नाही शिकलो. शहापूरच्या एका गाळ्यातल्या पूल टेबलावर शिकलो, आणि त्यासाठी दोन रविवारांचा डेटा फेकून द्यावा लागला.

माझं पीएचडीचं काम शेतीच्या हातअवजारांवर आहे: दांडा किती लांब असावा, हात कुठे असावा. गाव मुरबाड तालुक्यात, जिवलग मित्र शहापूरचा. तो मला ज्या गाळ्यात खेळायला न्यायचा तिथे टेबल मोठं आणि खोली अरुंद. भिंतीकडून शॉट आला की स्टिक मागे ओढायला जागाच नाही. म्हणून मालकाने एक आखूड स्टिक ठेवली होती. ती हातात आली की चांगल्या चांगल्यांचा नेम बिघडायचा.

मित्राकडे कारण तयार होतं. "आखूड दांड्याच्या कुऱ्हाडीने कधी लाकूड फुटतं का? जोरच बसत नाही. लांब स्टिक घ्यायची आणि पार मागे धरायची." मलाही पटलं. माझाच विषय होता ना! लगेच वही काढली.

कुऱ्हाड आणि स्टिक एक नाही

कुऱ्हाड खांद्याभोवती फिरते. फिरणाऱ्या वस्तूचं टोक जितकं लांब, तितका त्याचा वेग जास्त. म्हणून लांब दांड्याचा घाव मोठा. विटी-दांडूतही तेच.

स्टिक फिरत नाही, स्वतःच्याच लांबीच्या दिशेने सरकते. मागचं जाड टोक ज्या वेगाने पुढे येतं, त्याच वेगाने पुढची टिप जाते. लांबी वाढवून टिपचा वेग वाढत नाही. तो येतो हातातून.

बरं, आखूड स्टिक हलकी असते, मग वजनाचं काय? हिशोब करू. स्टिक ५४० ग्रॅमची, बॉल १६० ग्रॅमचा. टकरीनंतर बॉलचा वेग 'स्टिकचं वजन भागिले दोघांचं एकूण वजन' या प्रमाणात असतो. ५४० ला ७०० ने भागलं की ०.७७. स्टिक ४८० ग्रॅमची केली तर ४८० भागिले ६४०, म्हणजे ०.७५. स्टिक ११ टक्के हलकी झाली, पण त्याच वेगाने मारल्यास बॉल जेमतेम ३ टक्के हळू गेला. एवढ्याने कोणाचा नेम चुकत नाही.

आणि मूठ आवळून धरली तर? टिप आणि बॉल एकमेकांना साधारण एक-दोन मिलिसेकंदच चिकटलेले असतात. हाताचं मांस मऊ असतं. एवढ्या वेळात हात टकरीत जवळपास काही भर घालू शकत नाही. जे करायचं ते हाताने आधीच केलेलं असतं.

म्हणजे 'जोर' ही वाट बंद. तरीही आखूड स्टिकने शॉट बिघडतात हे डोळ्यांनी दिसतंय. मग परिणाम येतो कुठून?

दोन खऱ्या वाटा

पहिली वाट प्रमाणाची. स्टिक पुढच्या हाताच्या ब्रिजवर टेकलेली असते आणि तिथे ती तराजूच्या दांडीसारखी कलते. नेहमीची पूलची स्टिक ५८ इंच, म्हणजे सुमारे १४७ सेंमी. समजा टिप ब्रिजच्या २५ सेंमी पुढे आहे आणि मूठ १०० सेंमी मागे. मागचा हात १ सेंमी चुकला तर टिप २.५ मिमी चुकते. आता ४८ इंची, म्हणजे १२२ सेंमीची स्टिक घ्या. मूठ ७५ सेंमीवर आली. तीच १ सेंमीची चूक आता ३.३ मिमी होते. पूलचा बॉल ५७ मिमी व्यासाचा असतो, त्यावर ३.३ मिमी बरंच झालं. लांब स्टिकवर मूठ पुढे सरकवली तरी हेच होतं.

दुसरी वाट कोपराची. कोपर स्थिर ठेवून स्टिक चालवली की मूठ झोपाळ्यासारखी कमानीत फिरते. कोपरापासून मुठीपर्यंत ३५ सेंमी धरा. टिप बॉलला लागते तेव्हा कोपराखालचा हात उभा असेल, तर मूठ कमानीच्या तळाशी असते. तिथे ती ३ सेंमी मागे-पुढे झाली तरी वर-खाली फक्त १.३ मिमी होते. पण हात २० अंश कललेला असेल, तर त्याच ३ सेंमीत मूठ सुमारे १ सेंमी वर-खाली होते.

दोन्ही वाटा जोडा. लांब स्टिक आणि उभा हात, तर टिपची चूक सुमारे ०.३ मिमी. आखूड स्टिक आणि भिंतीमुळे कललेला हात, तर ३.३ मिमी. दहापट फरक! जोर तोच, चूक मोठी होऊन पोचली.

मित्राचा सल्लाही तपासा. 'पार मागे धर' म्हटलं की पहिल्या वाटेचा फायदा होतो. पण मूठ गरजेपेक्षा मागे गेली तर हात उभा राहत नाही आणि दुसऱ्या वाटेने तोटा होतो. म्हणून 'मागच्या टोकापासून इतक्या इंचांवर धरा' असा सगळ्यांना लागू पडणारा नियम निघत नाही. उंच माणसाची आणि ठेंगण्या माणसाची मूठ वेगवेगळ्या जागी येणार. मोजायचा व्हेरिएबल इंच नाही, कोपराखालच्या हाताचा कोन आहे.

माझं काय चुकलं

वही घेऊन गाईडकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तू लांबी बदललीस की वजन?" मी गप्प. आखूड स्टिक घेतली तेव्हा लांबी, वजन आणि तोल हे तिन्ही एकदम बदलले होते. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो.

बाकी चुका मला नंतर दिसल्या. लांब स्टिकचे सगळे शॉट आधी आणि आखूडचे नंतर घेतले, म्हणजे थकव्याचा दोष आखूड स्टिकवर गेला. बॉल किती लांब गेला ते मोजलं, कारण डोक्यात 'जोर' बसला होता. आणि टक्कर पकडायला मोबाइलचं स्लो मोशन लावलं. सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये सुमारे ४ मिलिसेकंद. टक्कर त्याच्या आतच संपते. जे यंत्राला दिसूच शकत नाही, ते मी तासन्‌तास शोधत बसलो.

आता कसं कराल?

स्टिक एकच घ्या. मुठीच्या जागा रंगीत टेपने ठरवा, म्हणजे वजन आणि तोल आपोआप स्थिर राहतील. लांबीचा प्रयोग वेगळा करा आणि आखूड स्टिकला वजन चिकटवून दोन्हींचं वजन व तोल जुळवा. शॉटचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. बाजूने उभा मोबाइल हाताचा कोन मोजायला पुरेसा आहे. त्याला तेवढंच काम द्या.

प्रत्येक वाटेला तिचं माप द्या. आडवी चूक बघायची तर पांढरा बॉल सरळ समोरच्या कडेवर मारा आणि परत येताना किती बाजूला गेला ते मोजा. उभी चूक बघायची तर स्टॉप शॉट घ्या. टक्कर होताना पांढरा बॉल न फिरता घसरत असला, तर तो जागेवर थांबतो. टिप वर लागली तर पुढे सरकतो, खाली लागली तर मागे येतो.

आणि प्रयोगाआधी भाकीत लिहून ठेवा. माझं असं: मुठीची जागा बदलल्याने सरासरी फारशी हलणार नाही, पसारा वाढेल. म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन बघायचं. वजन-तोल जुळवल्यावर आणि हात उभा ठेवल्यावरही आखूड स्टिकचा पसारा लांब स्टिकइतकाच आला, तर माझी पहिली वाट चुकीची. असं स्पष्टपणे हरता येईल असं वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आहे का, ते आज तपासा.

हा खेळ आपल्याला परका वाटतो, पण वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय बिलियर्ड्सचाच: १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८ साली. स्नूकरच्या नियमांत क्यूची किमान लांबी ९१४ मिमी दिलेली आहे. त्यापुढे किती लांब घ्यायची, हे खेळाडूने स्वतः ठरवायचं.

मित्र अजूनही म्हणतो, "मागे धर, जोर बसतो." त्याचा सल्ला बऱ्याचदा लागू पडतो, कारण मात्र चुकीचं आहे. सल्ला बरोबर निघाला म्हणजे कारणही बरोबर, असं धरून चालणं हीच संशोधनातली सगळ्यात महागडी चूक. मला ती दोन रविवारांत पडली, तुम्हाला दोन वर्षांत पडू नये.