तासाच्या ठोक्यापलीकडे

१९५६ पर्यंत हैदराबाद ही मराठवाड्याचीही राजधानी होती. त्यामुळेच की काय, नांदेड-लातूरकडील शाळांच्या सहलींना सालारजंग संग्रहालय आजही परके वाटत नाही. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९४९ मध्ये निवर्तले आणि त्यांचा अफाट संग्रह १९५१ मध्ये लोकांस खुला झाला. मात्र आपली मंडळी तो पाहत नाहीत, उरकतात! दर तासाला घड्याळातून बाहेर येऊन घंटा बडविणारा चिमुकला दाढीवाला पाहिला, की गुरुजींची शिट्टी वाजते.

वास्तविक सगळी दालने पायाखाली घालण्याचे कारणच नाही. इटालियन शिल्पकार बेन्झोनीच्या 'रिबेका'समोर पाव तास उभे राहावे. चेहरा संगमरवराचा, त्यावरील झिरझिरीत बुरखाही त्याच संगमरवराचा. तरी बुरख्याआडून नाक-डोळे दिसतात. छिन्नीने हे कसे साधले असेल, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडला तर सहलीचे पैसे वसूल झाले म्हणावयाचे. मग तो मुलगा देगलूर तालुक्यातील होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरापाशीही थबकेल. तेथील चालुक्यकालीन दगडी मूर्तींपुढे तासाचे ठोके पडत नाहीत, आणि गर्दीही नसते.