व्यंग्यार्थ

शब्दांनी प्रत्यक्ष न सांगता सूचित केलेला अर्थ. संस्कृत साहित्यशास्त्राने अभिधा, लक्षणा व व्यंजना या तीन शब्दशक्ती मानल्या. त्यांपैकी व्यंजनेने कळणारा तो व्यंग्यार्थ. काश्मीरच्या आनंदवर्धनाने (नववे शतक) असा अर्थ जेथे प्रधान असतो, त्या ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले. मम्मटाने (अकरावे शतक) तो अर्थ कळण्यास वक्ता, श्रोता, प्रसंग, देश, काल इत्यादींचे वैशिष्ट्य कारण मानले. म्हणजे तो वाचकाच्या लहरीवर सोडलेला नाही.

मराठीतील याचे उत्तम उदाहरण म्हणजे बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांचा जन्म खानदेशातील धरणगावचा (जि. जळगाव), जळगावच्या १९०७ मधील कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. वाच्यार्थाने कवितेत केवळ देखावा आहे : झरा, टेकडीकडचे चिमुकले गाव, शेते, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. कवी त्यावर कोणतेही भाष्य करीत नाही. तरीही ती निव्वळ निसर्गचित्र वाटत नाही, याचे कारण शब्दांतच आहे. हिरव्या-निळ्या रंगांचा शेवट काळ्यात होतो. पायवाट शेतमळ्यांतून डोहाकडे जाते. आणि झाड उभे नसून बसलेले आहे. या मानवी क्रियेमुळे औदुंबर विरक्त योग्यासारखा भासतो. औदुंबरातळी दत्तात्रेयाचा वास मानणाऱ्या मराठी मनाला ही सूचना लवकर पटते. गाव म्हणजे संसार व डोह म्हणजे मृत्यू, असाही अर्थ लावता येतो. मात्र डोहावरील काळोखाला कवीने माधुर्याचे विशेषण दिले आहे, ते केवळ औदासीन्य पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. भादलीजवळ रेल्वे-अपघातात आलेल्या कवीच्या मृत्यूची छाया येथे शोधणे तर सर्वस्वी अप्रस्तुत. कविता लिहिताना तो घडलेलाच नव्हता.

याच जिल्ह्यातील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची रीत निराळी. सुगरण पक्ष्याचा चोचीने विणलेला खोपा दाखवून माणसाला त्याच्या दहा बोटांची आठवण त्या स्वतःच करून देतात. तेथे गूढार्थ शोधावा लागत नाही. खानदेशाबाहेरचा वाचक अडतो तो बोलीतील वाच्यार्थापाशीच.