असं का होतं? : कर्नल नवा, तरी इशारा जुन्याचा

धाराशिवच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये ओपनएसएसएल कंपाइल करताना मुलं इथं हमखास अडखळतात. लिनक्सचा कर्नल ५.४, तरी पडद्यावर इशारा: एएफएएलजी इंजिनला किमान ४.१ ची हेडर्स हवीत.

कारण कंपाइलर चालू कर्नलकडे बघतच नाही. तो बघतो डिस्कवरच्या हेडर्समधली ‘व्हर्जन.एच’ फाइल. पोरगं समोर उभं असताना शिंप्यानं वहीतल्या जुन्या मापानं सदरा बेतावा, तसं. सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये ही फाइल ३.१० च्या काळातली असते. कर्नल मात्र बाहेरच्या यंत्राचा, नवा.

कोडमधली आवृत्ती तपासणारी ओळच खोडायचा मोह होतो, तो टाळाच. हेडर्स अद्ययावत करा. तेही जमत नसेल तर अडत नाही. हे इंजिन एन्क्रिप्शनचं काम कर्नलकडे सोपवतं, इतकंच. ते वगळूनही बाकी लायब्ररी पूर्ण बनते.

उलटही घडतं. हेडर्स नवी, कर्नल जुना असला तर कंपाइल बिनबोभाट होतं. मग सुरू होताना इंजिन खुद्द कर्नललाच आवृत्ती विचारतं आणि नकार देतं.