दातांचा स्वतःचा दवाखाना: तयारी झाली हे कशावरून ओळखावं?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, हुमनाबाद आणि जहिराबादच्या मध्ये मन्नाएखेळ्ळी लागतं. बीदरचा रस्ता इथूनच फुटतो. बाजारात मराठी, कन्नड, उर्दू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांत दंत महाविद्यालयं आहेत. संविधानाचं कलम 371-जे लागू झाल्यावर, 2013 पासून, कल्याण कर्नाटकातल्या मुलांना व्यावसायिक प्रवेशात राखीव जागा मिळू लागल्या. त्यामुळे शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या घरातूनही बीडीएस झालेली मुलंमुली दिसतात. इंटर्नशिप संपायच्या आत घरचे विचारू लागतात, ‘बोर्ड कधी लावायचा?’

बोर्ड लावण्याची तयारी झाली की नाही, हे ठरवताना काही समजुती हमखास आड येतात. त्यांची किंमत आधी डॉक्टरच्या घराला मोजावी लागते, नंतर रुग्णाच्या दाताला. म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज 1: पदवी आणि नोंदणी झाली की दवाखाना टाकायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: 1948 च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीकृत दंतवैद्यालाच व्यवसायाची मुभा दिली. चार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची इंटर्नशिप आणि राज्य परिषदेची नोंदणी एवढ्यावर हा हक्क मिळतो. लातूरला शिकून महाराष्ट्रात नोंदणी केली असेल आणि व्यवसाय इकडे करायचा असेल, तर ती नोंदणी कर्नाटक राज्य दंत परिषदेकडे बदलून घ्यावी लागते.

हक्क मिळाला तरी हाताचा प्रश्न उरतो. महाविद्यालयात अडलं की सर शेजारी असतात, दाढेचं मूळ तुटलं तर सर्जरी विभाग वरच्या मजल्यावर असतो. मन्नाएखेळ्ळीत रात्री आठ वाजता मूळ तुटलं तर दवाखान्यात तुम्ही एकटे. म्हणून स्वतःची एक वही ठेवा. कुणाच्या मदतीशिवाय पूर्ण केलेले दाढांचे रूट कॅनाल किती, अवघड दाढा किती काढल्या, कवळ्या किती बसवल्या आणि त्यांतले किती रुग्ण सहा महिन्यांनी तक्रारीशिवाय जेवत होते? शेवटचा रकाना रिकामा असेल, तर आपलं काम टिकतं की नाही हे अजून आपल्यालाच ठाऊक नाही. मधुमेह असलेला, रक्त पातळ करण्याची गोळी घेणारा, इंजेक्शननंतर भोवळ येऊन पडलेला रुग्ण तुम्ही सांभाळला आहे का? ऑक्सिजन आणि ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवून ते वापरता येतं का? हेही त्याच वहीत यायला हवं.

गैरसमज 2: एमडीएस केल्याशिवाय दवाखाना चालत नाही.

वस्तुस्थिती: एमडीएसच्या नऊ शाखा आहेत आणि प्रत्येकीत तीन वर्षं एकाच विषयाचं खोल शिक्षण मिळतं. लहान गावात येणारा रुग्ण मात्र दुखरी दाढ, किडलेले दुधाचे दात, सुजलेल्या हिरड्या, हलणारे दात, कवळी असं सगळं घेऊन येतो. त्याला सर्वसाधारण दंतवैद्य लागतो, आणि चांगला बीडीएस ते काम उत्तम करतो. नुसती वर्षंही मोजून उपयोग नाही. दुसऱ्याच्या दवाखान्यात पाच वर्षं फक्त स्केलिंग आणि फिलिंग करणाऱ्यापेक्षा, दोन वर्षांत उपचार ठरवणं, रुग्णाला खर्च समजावून सांगणं, लॅबशी बोलणं आणि बिघडलेलं काम पुन्हा करून देणं शिकलेला डॉक्टर जास्त तयार असतो.

गैरसमज 3: बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे हिशेब बसतो.

वस्तुस्थिती: बँक तारण, जामीन आणि परतफेडीची शक्यता बघते. तुमच्या खुर्चीवर रोज किती माणसं बसतील, हे तिला ठाऊक नसतं. तो हिशेब स्वतःच मांडायला हवा. पद्धत कळावी म्हणून काही आकडे धरू. 10 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 21,750 रुपये येतो आणि एकूण परतफेड 13 लाखांच्या वर जाते. भाडं 8,000, दोन मदतनीसांचा पगार 16,000, वीज-पाणी-कचरा-दुरुस्ती 6,250. दवाखान्याचा ठरलेला खर्च झाला 52,000. घरखर्चाचे 28,000 मिळवले की 80,000. एका भेटीत सरासरी 600 रुपये जमा होत असतील आणि त्यातले 200 साहित्य व लॅबवर जात असतील, तर हाती 400 उरतात. म्हणजे महिन्याला 200 भेटी, 25 दिवस धरले तर रोज आठ. नव्या बोर्डाखाली पहिल्या महिन्यापासून रोज आठ माणसं येतील, असं धरून चालणं धोक्याचं.

या भागात पैसा हंगामावर हलतो. पेरणीच्या दिवसांत लोक दुखणं अंगावर काढतात. मूग-उडीद, सोयाबीन, तूर विकली की दवाखान्याकडे वळतात. म्हणून किमान सहा महिन्यांचा ठरलेला खर्च बाजूला ठेवल्याशिवाय सुरुवात करू नये. आणखी एक बाब सुटते. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे खुर्ची, कंप्रेसर, ऑटोक्लेव्ह घेताना भरलेला जीएसटी परत वळता होत नाही. तो किमतीतच धरायला हवा.

गैरसमज 4: गाव लहान, स्पर्धा नाही, रुग्ण आपोआप येतील.

वस्तुस्थिती: महामार्गावरच्या गावाला चारी बाजूंनी वाटा असतात. एसटी, जीप, मोटारसायकल यांनी माणूस बीदरला, हुमनाबादला, जहिराबादला सहज जातो. बीदरच्या दंत महाविद्यालयात कमी पैशांत उपचार होतात, हेही त्याला माहीत असतं. तुमची खरी स्पर्धा त्या प्रवासाशी आहे. रोज ठरल्या वेळी दवाखाना उघडा असणं, रूट कॅनालच्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचा दिवस आधी सांगणं, उपचार आणि खर्च रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणं, यांवर माणूस गावात थांबतो. संमतीपत्रावर सही घेण्याआधी त्यावर काय लिहिलंय हे त्याला कळलं पाहिजे.

गावची गरजही नीट ओळखावी लागते. तंबाखू-गुटख्याने तोंड कमी उघडणं आणि तोंडात पांढरे चट्टे येणं या भागात डॉक्टरने रोज शोधायला हवं. तोंडाचा कर्करोग लवकर दिसला तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि अनेकदा तो आधी दिसू शकतो तो दंतवैद्यालाच.

गैरसमज 5: एका खुर्चीच्या दवाखान्याला कागदपत्रं कशाला?

वस्तुस्थिती: सीमेपलीकडून आलेले डॉक्टर इथेच चुकतात. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, 2007 लागू आहे. खाटा नसलेला दवाखानाही त्याखाली येतो. जिल्हा पातळीवर नोंदणी करावी लागते, प्रमाणपत्र आणि उपचारांचे दर दर्शनी भागात लावावे लागतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 2016 चे आहेत. काढलेला दात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. हा कचरा अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यायचा असतो. एक्स-रे यंत्र घेतलं तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीवर त्याची रीतसर नोंद लागते. ही कामं उद्घाटनानंतर करू म्हणणाऱ्याची मालक होण्याची तयारी अपुरी आहे.

गैरसमज 6: अवघड केससाठी कन्सल्टंट बोलावला की आपली जबाबदारी संपते.

वस्तुस्थिती: कलबुर्गीहून किंवा हैदराबादहून तज्ज्ञ महिन्यातून दोनदा येईल, काम करेल, निघून जाईल. रात्री सूज आली की रुग्ण बोर्डावर ज्याचं नाव आहे त्याचंच दार वाजवतो. तज्ज्ञाच्या मागून येणारी गुंतागुंत सांभाळता येत असेल, तेवढंच काम आपल्या दवाखान्यात ठेवावं. बाकीच्यांना चिठ्ठी देऊन महाविद्यालयात पाठवावं. त्या चिठ्ठीबद्दल कमिशन घेणं आचारसंहितेने निषिद्ध आहे, आणि वेळेवर पाठवलेला रुग्ण पुढच्या दुखण्याला परत येतो.

गैरसमज 7: चालू दवाखाना विकत घेतला की रुग्णही मिळतात.

वस्तुस्थिती: विकत मिळते ती खुर्ची, जागा आणि फाइली. लोकांचा विश्वास जुन्या डॉक्टरच्या हातावर असतो. सौदा करण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांची खरी जमा बघावी, यंत्रांचं वय विचारावं, अर्धवट राहिलेले उपचार आणि त्यांचे आगाऊ घेतलेले पैसे लिहून घ्यावेत. जुने डॉक्टर काही महिने सोबत बसायला तयार असतील, तर त्या सोबतीला यंत्रांपेक्षा जास्त मोल आहे.

मग तयारी झाली, हे कशावरून ओळखावं?

हात, हिशेब आणि कागद या तिन्ही गोष्टी शेवटी एका प्रसंगात तपासल्या जातात. महिनाअखेर आहे, हप्ता उद्या आहे, आणि समोर बसलेल्या माणसाच्या दाढेवर फक्त काळा डाग आहे. त्याला रूट कॅनालची गरज नाही. ‘याला आता काही करू नका, सहा महिन्यांनी दाखवा,’ हे वाक्य हप्त्याचा विचार मनात न येता तुम्हाला म्हणता येईल का? म्हणता येत असेल, तर तुम्ही मालक होण्याजोगे झाला आहात. म्हणता येणार नसेल, तर कर्जाचा हप्ता उपचार ठरवू लागेल, आणि लहान गावात ही गोष्ट वर्षभरात सगळ्यांना कळते.

उत्तर ‘अजून नाही’ असं आलं, तर त्यात कमीपणा नाही. बीदरला किंवा लातूरला एखाद्या प्रामाणिक डॉक्टरच्या हाताखाली काम करावं, वही भरत राहावं, पैसे साठवावेत. आईवडिलांनीही शेत गहाण टाकून घाईने बोर्ड लावण्याचा आग्रह धरू नये. हात तयार झाल्यावर कमी कर्जात उघडलेला दवाखाना मुलाला आणि गावाला, दोघांनाही पुढची तीस वर्षं पुरतो.