हे तिकडं चालन काय?

श्रावणसरींनी कपाशीची शेते चिंब केलेल्या एका सायंकाळी दारव्हा तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ माझ्या घरी आले, आणि खांद्यावरची कापडी पिशवी उतरवून त्यांनी तीतील वस्तू एकामागून एक माझ्या टेबलावर मांडल्या : लॅपटॉपचा चार्जर, ॲल्युमिनियमचा तीन लिटरचा कुकर, पाचशे वॉटचा मिक्सर आणि कपड्यांची इस्त्री. घराण्यात दहावीचा उंबरठा ओलांडणारी पहिलीच अशी त्यांची कन्या पुढील महिन्यात पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली आहे. शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रवेशपरवाना हाती आला, विमानाचे तिकीटही निघाले; आता उरले आहेत ते प्रश्न असे की, ते कोणत्याही अर्जात विचारले जात नाहीत आणि त्यांची उत्तरे कोणत्याही कचेरीच्या फलकावर लावलेली नसतात. चार्जर हातात धरून त्यांनी मोठ्या संकोचाने विचारले, “सर, हे तिकडं चालन काय?”

त्या प्रश्नापेक्षा त्यामागचा संकोच मला अधिक बोचला. ज्या घरांतून दोन-दोन, तीन-तीन पिढ्या माणसे परदेशी जात आली आहेत, त्या घरांत हे ज्ञान दागिन्यांप्रमाणे वारसाहक्काने चालत येते. मावशी सांगते की इस्त्री नेऊ नकोस, चुलतभाऊ सांगतो की बँकेतला मोबाइल क्रमांक बदलू नकोस, आणि आपल्याला काही शिकविले गेले हे शिकणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. घाटंजी, उमरखेड वा पांढरकवड्याच्या बाजूच्या एखाद्या पोडावर किंवा तांड्यावर वाढलेल्या मुलाला मात्र विचारण्याजोगे कोणी नसते, आणि म्हणून तो बुद्धीत नव्हे, केवळ माहितीत मागे पडतो. बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये यवतमाळ येथे ‘एकलव्य’ ही संस्था सुरू केली ती नेमकी ही उणीव हेरून. पुढे २०२१ मध्ये ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘सोआस’ या विद्यापीठसंस्थेत शिकावयास गेले, आणि घरातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना जगातील विद्यापीठांची वाट दाखविणे हे त्या संस्थेचे एक मुख्य कार्य झाले. प्रवेशाच्या वाटेवर असे मार्गदर्शक आता भेटू लागले आहेत. मला येथे लिहावयाचे आहे ते त्या वाटेवरील खड्यांविषयी, कारण पाय रक्तबंबाळ होतात ते खड्यांनीच.

प्रथम चार्जर. भिंग घेऊन त्याच्या पाठीवरील बारीक अक्षरे मी त्या गृहस्थांना वाचून दाखविली : ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ’. याचा अर्थ असा की, जपानची १०० व्होल्टची वीज असो, अमेरिकेची १२० ची असो की आपली २३० ची असो, हा चार्जर ती निमूटपणे स्वीकारील. बदलावयाचा तो केवळ प्लगचा आकार. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांच्या बहुतेक चार्जरांवर हीच ओळ छापलेली आढळते, आणि परदेशी निघालेल्या प्रत्येकाने आपल्या सामानातील विजेच्या प्रत्येक वस्तूची पाठ उलटून ती शोधावी.

आकाराच्या या अडचणीचा अनुभव यवतमाळला शंभर वर्षांचा आहे. आपली शकुंतला रेल्वे येथून जेथून सुटे ते रूळ अडीच फुटी, आणि मूर्तिजापुरास जेथे पोचे तेथून पुढे मुंबईकडे जाणारे रूळ साडेपाच फुटी. त्यामुळे कापूस तोच, इंजिनाची वाफही तीच, तरी मूर्तिजापुरात माल उतरवून पुन्हा चढविल्यावाचून गत्यंतर नसे. मॅंचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले त्या गाडीचे इंजिन १९९४ पर्यंत आपल्या मुलखात निष्ठेने राबले, परंतु दोन रुळांमधले अंतर त्याला कधी बुजविता आले नाही. प्लगचेही तसेच आहे. आपल्या भिंतीवरील गोल पिनांचा प्लग मुळात ब्रिटिश मानकाचाच. १९४७ मध्ये ब्रिटनने चपट्या चौकोनी पिनांचे आणि पोटात फ्यूज असलेले नवे मानक प्रसिद्ध केले, आणि आपण मात्र जुन्या आकारावरच राहिलो. म्हणून इंग्लंडला जाताना वीज बदलत नाही, ती तेथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच. ॲडॉप्टर तेवढा लागतो. आपल्याकडे सॉकेटच्या भोकात पेनाचे टोक खुपसून दोन पिनांचा प्लग बसविण्याची जी सवय घराघरांत आहे ती मात्र येथेच सोडून जावी; वरच्या भोकात अर्थिंगची लांब पिन गेल्यावाचून खालच्या दोन भोकांचे पडदे उघडू नयेत ही योजना लहान मुलांचा जीव वाचविण्यासाठी केलेली आहे.

तेव्हा मिक्सरही इंग्लंडात फिरेल. पण हीच मुलगी जर अमेरिकेस निघाली असती, तर मी मिक्सर आणि इस्त्री दोन्ही परत पिशवीत टाकावयास सांगितले असते. एक हजार वॉटची आपली इस्त्री १२० व्होल्टवर लावली असता तिची शक्ती निम्मी होत नाही. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे ती सुमारे २७० वॉटवर, म्हणजे जवळजवळ चतुर्थांशावर येते, आणि सुती सदऱ्याची घडीसुद्धा मोडत नाही. उलटपक्षी, अमेरिकेहून कोणी मायेने आणलेली १२० व्होल्टची इस्त्री आपल्या भिंतीला लावली, की ती मूळ शक्तीच्या साडेतीन पटींहून अधिक वीज ओढू पाहते आणि काही क्षणांत जळते; माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्या जळक्या वासापेक्षा भाच्याचा पडलेला चेहरा मला अद्याप आठवतो. ॲडॉप्टर केवळ आकार बदलतो, वीज बदलत नाही. वीज बदलण्यास ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मिक्सरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर मिक्सरहून जड असतो. कुकरचा प्रश्न वेगळाच. इंडक्शनच्या शेगडीला लोहचुंबक चिकटेल असे बूड लागते, ॲल्युमिनियम तेथे तापतच नाही. यास्तव फ्रिजवरचे चुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावून पाहावे आणि मगच भांडे बांधावे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात स्वतःची इस्त्री वा शेगडी वापरण्यास पुष्कळदा मनाई असते, तेही आधी पत्राने विचारून घ्यावे.

मोबाइलचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण आज बँकेचे खाते, शिष्यवृत्तीचा हप्ता आणि शासकीय ओळख या साऱ्यांची किल्ली म्हणजे त्या भारतीय क्रमांकावर येणारा ओटीपी होय. क्रमांक नव्वद दिवस मुळीच वापरात नसेल तर तो बंद करून दुसऱ्यास देण्याची मुभा कंपन्यांना आहे. म्हणून निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे, रिचार्जची मुदत वहीत टिपून ठेवावी आणि घरच्या कोणा एकाकडे ते काम नेमून द्यावे. परकीय चलनाच्या कायद्यान्वये शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी अनिवासी ठरतो, तेव्हा त्याचे साधे बचत खाते ‘एनआरओ’ म्हणजे अनिवासी खात्यात बदलून घेणे हेच नियमाला धरून असते. हा अर्ज येथल्या शाखेत समक्ष करणे दहा मिनिटांचे काम, तिकडून करणे महिन्यांचे. जर्मनीत घेतलेल्या लॅपटॉपच्या कळफलकावर ‘वाय’ आणि ‘झेड’ या कळांची अदलाबदल असते, एवढ्या लहान गोष्टीनेही परीक्षेच्या दिवसांत माणूस रडकुंडीस येतो. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकता येत नाही, ती हातसामानातच न्यावी लागते, आणि विनापरवानगी १०० वॉट-तासांपर्यंतचीच. वीस हजार एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली असता ७४ वॉट-तास भरते, तेव्हा ती निर्धास्त न्यावी.

यंत्रांपेक्षा कागद अधिक हट्टी असतात. आपल्या महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, शेवटी वडिलांचे. पारपत्रावर आडनावाचा रकाना निराळा, आणि दुसऱ्या रकान्यात बहुधा स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र. परदेशी विद्यापीठाच्या कारकुनाने गुणपत्रिकेवरून नाव उतरविले तर तो आडनावाने मुलाला हाका मारील आणि वडिलांचे नाव त्याचे आडनाव म्हणून नोंदवील. त्यातच राठोड या आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत एका दाखल्यावर ‘डी’ आणि दुसऱ्यावर ‘डी-एच’, पवारांच्या मध्ये एकदा ‘डब्ल्यू’ आणि एकदा ‘व्ही’. तांड्यावरच्या शाळेत गुरुजींनी कानी पडले तसे लिहिलेले ते अक्षर वीस वर्षांनी लंडनच्या बँकेत उभे राहून जाब विचारते. ही दुरुस्ती अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे शाळेमार्फत, किंवा राजपत्रात नाव प्रसिद्ध करून, आणि ती प्रवेशाचा अर्ज करण्यापूर्वी किमान एक वर्ष सुरू करावी, असे मी प्रत्येक बारावीच्या विद्यार्थ्याला कळवळून सांगतो. आपल्या जिल्ह्याचे पारपत्र-कार्यालय नागपूरचे, पदवीची ट्रान्स्क्रिप्ट अमरावती विद्यापीठाची, आणि परराष्ट्र खात्याची अपोस्टिल मोहोर लागावयाची तर त्याआधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण. तीन दिशांना तीन खेटे, आणि प्रत्येक खेट्याला एक दिवसाची मजुरी बुडते हे विसरून चालत नाही.

मूळ दस्तऐवज हातसामानात ठेवावेत आणि त्यांच्या नकला घरी; वेगळ्या पाठविलेल्या सामानाचे काय होऊ शकते ते इतिहासाने दाखविले आहे. बडोदे संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा लिहून देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये परतताना त्यांनी वेगळ्या बोटीने रवाना केलेले ग्रंथ महायुद्धातील पाणतीराने समुद्राच्या तळाशी गेले. उपाशीपोटी जमविलेले ते ग्रंथ गेल्याचे वाचताना आजही गलबलून येते. त्या कराराची एक गोष्ट मला आजच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते : शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करण्यापूर्वी परतीची अट, हप्त्याची तारीख आणि अभ्यासक्रम लांबल्यास होणारा परिणाम ही तीन कलमे मोठ्याने वाचावीत. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ज्यांना कर्जच काढावयाचे आहे त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, बहुतेक बँका सातबारावरची शेतजमीन शैक्षणिक कर्जास तारण म्हणून घेत नाहीत, आणि दहा एकरांचा धनीही तेथे जामीनदार शोधत फिरतो.

शिकता शिकता काम करण्याचे नियम देशागणिक वेगळे, आणि ते वरचेवर बदलतात. सध्या पदवीच्या विद्यार्थ्यास ब्रिटनमध्ये सत्र चालू असता आठवड्यास २० तास, कॅनडात विद्यापीठाबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्यास ४८ तास, जर्मनीत वर्षास १४० पूर्ण दिवस अशी मर्यादा आहे. अमेरिकेत पहिल्या वर्षी आवाराबाहेर काम करण्यास जवळजवळ मज्जावच. ब्रिटनमध्ये आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात, आणि स्वतःचा धंदा करता येत नाही. वीस तासांचे एकवीस झाले तर काय बिघडते, असे आपल्याकडील मनाला वाटते. तेथे तो एक तास परवाना रद्द होण्यास कारण होऊ शकतो. रोख मजुरी देऊन पगारचिठ्ठी नाकारणाऱ्या मालकाच्या दारात उभेच राहू नये. जर्मनीला जाणाऱ्यास वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात आधीच ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्यास ९९२ युरोच काढता येतात. त्या रकमेत घरभाडे बसते की नाही, याचा हिशेब येथे बसूनच करावा.

विद्यार्थ्यांविषयी इतके लिहिले, पण दहावीच्या आत शाळा सुटलेले तरुणही आखाती देशांत मजुरीस जातात, आणि त्यांना विचारणारे तर कोणीच नसते. त्यांच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ (उत्प्रवास-तपासणी आवश्यक) हा शेरा असतो, आणि ठरावीक अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळामार्फत परवानगी घ्यावी लागते. नोंदणीकृत दलालाला तीस हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक शुल्क घेता येत नाही. प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचे संरक्षण दोन वर्षांसाठी अवघ्या २७५ रुपयांत मिळते. पर्यटकाच्या परवान्यावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो, असे सांगणारा दलाल दारी आला तर त्याला पाणीसुद्धा विचारू नये, इतके कठोर शब्द मी जन्मात प्रथमच लिहीत आहे.

हे सारे मी त्या गृहस्थांना एका बैठकीत सांगितले असे नव्हे. ते दोन वेळा पुन्हा आले, आणि दरवेळी त्यांच्या खिशातल्या डायरीत बॉलपेनाने लिहिलेली नवी यादी असे. कुकर घरीच राहिला, मिक्सर बांधला गेला, इस्त्री धाकट्या मुलीला मिळाली. शेवटल्या खेपेस ते दारापाशी चप्पल घालत असता मी सहज विचारले, ॲडॉप्टर कोठे ठेवला आहे? मोठ्या बॅगेत, तळाशी, स्वेटरमध्ये नीट गुंडाळून, असे त्यांनी समाधानाने सांगितले. मी म्हटले, विमान बदलताना फोनचा चार्ज संपला, वा ती बॅगच एक दिवस उशिरा आली, तर? ते थबकले, एक पाय चपलेत, एक बाहेर. “मंग पोचल्याचा फोन कसा करन ते?” असे स्वतःशीच पुटपुटले, आणि माझ्या अंगणात उभे राहूनच त्यांनी घरी फोन लावला : “बॅग उघड. सोटरातला तो पांढरा डबा काढ, अन् तुह्या पर्समधे ठेव. आताच ठेव. मी लाईनवर हाओ.”